बादली नव्हतीच

नॉरफोकात, पर्सी लार्टरला पुरून आल्यावर
हॅम सँडविचच्या बश्यांभोवती माणसं जमली
आणि तो एक शब्द सोडून सगळं बोलली.

"बादलीला लाथ मारून गेला आमचा पर्सी,"
धाकटा भाऊ क्लेम म्हणाला, पेला उंचावून,
आणि एकटाच हसला.
सात वर्षांची आयव्ही बादली शोधायला गेली.
मागच्या दाराशी एक होती, निळी, प्लॅस्टिकची,
फरशी पुसायची. कुठे चेपलेली नव्हती.

मग एडना उठली.
काळ्या स्वेटरवर पिठाची बोटं तशीच.
नातीला घेऊन ती परसातल्या खोपटात गेली
आणि वर बोट केलं: भिंतीपासून भिंतीपर्यंत
ओकची तुळई, मधे गुळगुळीत, कडांना दोराचे चरे.
"हिला इकडे बकेट म्हणायचे. डुक्कर कापायचं असलं की
मागच्या पायांनी हिला टांगायचं, डोकं खाली.
सुरी फिरली की पाय झाडायचं ते,
तुळईवर लागायचे.
खरी बादली खाली असायची, रक्ताला.
तिला कोण लाथ मारू देतंय?
थेंब सांडला तरी माझी सासू दिवसभर तोंड सोडायची."

आयव्ही वर बघत राहिली. तिथे आता कांद्याच्या माळा.
"आजोबांना टांगलं होतं?"
"नाही गं. झोपेत गेले.
लाथा मला मारायचे, बेचाळीस वर्षं,
गार पायांनी, पांघरूण ओढून."

घरात तोवर बर्नलीची हेस्टर सुरू झालेली.
तिच्याकडे माणूस क्लॉग गहाण टाकून जातो.
लाकडी तळाचे जोडे ते, गिरणीच्या ओल्या फरशीवरचे;
हात तंग झाला की सोमवारी सावकाराकडे,
पगार झाला की शनिवारी परत पायात.
ज्याला चालायचंच नाही आता, त्याचे तिथेच राहतात.
"माझ्या आजीने मात्र आजोबांचे सोडवून आणले.
ते गेल्यावर. व्याज भरून.
का, म्हटलं, तर म्हणे,
परक्याच्या फळीवर एकटेच पडले असतील."
यावर कुणी काही बोललं नाही.
हेस्टरने स्वतःच विषय बदलला, मोहरी मागितली.

एमोस क्लॅक्स्टन, सुतार, दाराकडे बघत होता.
दाराच्या खिळ्याइतका मेलेला, असं म्हणतात ना,
तर तो खिळा आरपार ठोकून पलीकडून वाकवतात,
लाकडात चेपतात. मग तो उपटून
दुसऱ्या कशाला कामाचा नाही. मेला.
एवढं सांगून तो गप्प झाला.
पर्सीच्या पेटीला त्याने स्क्रू लावले होते.

"आता डेझी ढकलेल खालून वर," क्लेम परत.
"किती ढकलणार," एमोस म्हणाला,
"दर मंगळवारी मशीन फिरतं गवतावर."

शेवटी कुणाच्या तरी भाच्याने घंटेचं काढलं:
पूर्वी म्हणे पेटीतल्या माणसाच्या बोटाला दोरी बांधत,
दोरीला वर घंटा, चुकून जिवंत पुरला असेल तर वाजवायला,
म्हणून 'घंटेने वाचला'.
"थाप!" मिस थर्टल कडाडल्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं.
"ती घंटा मुष्टियुद्धातली. फेरी संपली की वाजते,
मार खाणारा तेवढ्यापुरता वाचतो.
थडग्याशी तिचा काडीचा संबंध नाही."
भाचा केक खायला लागला.

सगळे गेल्यावर एडनाने बश्या धुतल्या.
खोपटाची कडी लावायला गेली तेव्हा
कांद्यांखाली उभी राहून म्हणून बघितलं, हळू,
"पर्सी मेला."
शब्दाला चव नव्हती, वासही.
कांदा एक सुटून पडला, तो तिने उचलून ठेवला.

अंथरुणात पाय पलीकडे सरकवला. गार. पण नुसती चादर.

खिडकी मात्र उघडी ठेवली, चर्चकडची.
थाप आहे ती, ऐकलं होतं तिने. मिस थर्टल चुकत नाहीत.
तरी.